अक्काची ओ

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचले बाई एकदाची! बसमध्ये शेजारच्या आजोबांनी माझ्या खांद्याची उशी केली आणि सबंध वाट घोरून काढली. उतरताना वर मलाच म्हणाले, पोरी, तुझा खांदा फार टोचतो. आता बोला!

ही वही धाकटीने निघताना हातात कोंबली. रोज काय घडलं ते लिहून ठेव, नाहीतर परत येऊन तू अर्धं विसरशील आणि अर्धं रंगवून सांगशील, असं तिचं म्हणणं. धाकटी म्हणजे माझी बहीण, आणि आमच्या लॉन्ड्रीतली भागीदार. मी तिच्याहून चांगली मोठी आहे, पण बाईसाहेब मला 'बयो' म्हणून हाक मारतात. पहिल्या पानावर नाव घालायचं राहिलंय. उद्या घालते.

घर उंच आणि अरुंद आहे, दोन घरांच्या मध्ये अंग चोरून उभं असल्यासारखं. मजल्याला एकच खोली. जिना असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे फिरायचं. खाली एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला बेकरी. पावाचा वास थेट माझ्या उशीपर्यंत येतो. बाबा गेले तेव्हा काका-काकू आले नव्हते, म्हणून मी मनात अढी धरूनच आले होते. पण काकूंनी दारातच माझे गारठलेले हात हातात घेतले आणि गरम लोकरी मोजे आणून दिले. झालं, अढी सुटली. मी अशीच. मोज्यांवर विकली जाणारी.

आता कामाचं. आजोबांनी जाण्याआधी सगळी मिळकत एका ट्रस्टमध्ये बांधून ठेवली. आमची थोरली आत्या, जिला घरदार आणि सगळी गल्ली अक्का म्हणते, तिने लग्न केलं नाही. ती हयात आहे तोवर ट्रस्टच्या उत्पन्नावर हे घर चालायचं. तिच्यामागे सगळं नातींना. मुलगे उडवतील, असं आजोबांचं मत होतं, आणि आमच्या बाबांचे उद्योग आठवले की मला त्यात फार चूक दिसत नाही. नाती तिघी: मी, धाकटी, आणि मधल्या काकांची ताई. पण बाबा भांडून घराबाहेर पडले तेव्हा आम्हा दोघींची नावं खोडली, असं आई मरेपर्यंत म्हणत होती. खरंखोटं कोणाला ठाऊक नाही. तेवढंच विचारायला आले आहे. लॉन्ड्रीची जागा मालक विकायला निघालाय. ट्रस्टमध्ये नाव असेल तर त्याच्या जोरावर बँक कर्ज देईल. नसेल तर इस्त्र्या गुंडाळायच्या. धाकटीला माझं येणं पटलेलं नाही. आयत्या बिळावर नागोबा होऊ नये, म्हणते. मी म्हटलं, अगं, बीळ आपलंच असेल तर?

काका म्हणाले की वकील पुढच्या सोमवारी येणार आहेत. त्याच दिवशी अक्काच्या हयातीचा दाखला घ्यायला साहेब येतात, म्हणजे ती जिवंत असल्याची वर्षाची खात्री करून घ्यायला. तोवर राहा, हे तुझंच घर आहे. अक्का वरच्या मजल्यावर झोपली होती. उद्या भेटवतील.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

अक्काला भेटले. लहानपणी पाहिली होती, त्यातला आठवत होता तो फक्त आवाज. काय तो आवाज! 'खिडकी लावा' म्हणाली की शेजारचेसुद्धा आपापल्या खिडक्या लावून घ्यायचे. आता मात्र बोलत नाही. गेल्या थंडीत वाचा गेली म्हणे. खिडकीशी खुर्चीत बसलेली असते. जाड भिंगांचा चष्मा, राखाडी शाल, केस कापसासारखे. मी वाकून हसले तर तिने माझं मनगट धरलं आणि सोडेच ना. नव्वदी गाठलेल्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. डोळे भरून आले होते तिचे. मलाही भरून आलं.

इथली एक गंमत लिहायची आहे. या गल्लीत जो जाईल तो खालून हाक मारतो, 'अक्का!' आणि वरून ओ गेली पाहिजे. औषधवाले दुकान उघडताना, बेकरीवाली पाव मांडताना, पोस्टमन पिशवी खाली ठेवताना. ओ आली की म्हणतात, आहे बरं का अक्का, आणि आपल्या कामाला लागतात. काकू म्हणाल्या, एखाद्या दिवशी ओ गेली नाही तर सगळे वर बघायला येतील, आणि अक्काला आता माणसं सोसत नाहीत. म्हणून तिची वाचा गेल्यापासून काकूच तिच्या नावाने ओ देतात. पण त्यांचा आवाज पडला चिमणीचा.

तेवढ्यात काकांना आठवलं की मी लहानपणी अक्काची नक्कल करायचे आणि त्यापायी बाबांचा मार खायचे. खरंच आहे. नकला हा माझा जुना रोग. गिऱ्हाईक दुकानातून गेलं की मी त्याची नक्कल करते आणि धाकटी हसून हसून बेजार होते. काका म्हणाले, दे की ग एकदा. आणि नेमकी खालून बेकरीवालीची हाक आली. मी मान ताठ केली, पोटातून आवाज काढला आणि ठोकली, ओ! खिडकी लावा रे कोणीतरी!

खाली बेकरीवाली म्हणाली, अगबाई, आज अक्का फॉर्मात आहे! काकूंनी तोंडाला पदर लावला. काका तर हसता हसता खोकायला लागले. अक्का तेवढी हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला राग आला असेल. कुणाची नक्कल त्याच्यासमोर करू नये हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आता ओ द्यायचं काम माझ्याकडेच आलं आहे. सकाळपासून किती दिल्या त्याची गणती नाही. मजा येते. औषधवाल्यांना तर मी खोकल्याच्या गोळ्यांवरून चांगलं झापलं, आणि ते बिचारे हो अक्का, हो अक्का करत राहिले. काकूंनी अक्काची दुसरी शाल माझ्या खांद्यांवर टाकली. वर गारठा फार आहे. खिडकी नीट लागतच नाही.

दुपारी अक्कापाशी बसले होते. तिने मांडीवरचा रुमाल घेतला, दुमडला, गुंडाळला, एक टोक ओढलं आणि उंदीर केला! कान, शेपूट, सगळं. मग तो तळहातावर ठेवून बोटाने मागून टिचकी मारली आणि उंदराने माझ्या अंगावर उडी घेतली. मी टाळ्याच पिटल्या. हा उंदीर आमची ताई करायची, सुट्टीत सगळे एकत्र जमलो की. ती उंच, तिला आम्ही उंट म्हणायचो, आणि उंट उंदीर करतो म्हणून खिदळायचो. म्हणजे ताई हे अक्काकडून शिकली होती तर. ताईने पुढे सगळ्यांशी संबंध तोडले. काही वर्षांपूर्वी आपला वाटा विचारायला इथेच आली होती, आणि इथून परस्पर परदेशी निघून गेली, असं काका सांगतात. मधले काका तोवर वारले होते, मागे चौकशी करणारं कोणी नव्हतं. मला वाईट वाटलं. आम्ही तरी कुठे केली चौकशी.

धाकटीला फोन लावायला गेले तर फोन माझा अंगठा ओळखेना. लॉन्ड्रीतल्या रसायनांनी बोटांची सालं जातात, हे नेहमीचंच आहे. आकडे दाबून उघडला. धाकटी म्हणाली, बयो, तुझा आवाज बसलाय का ग? म्हटलं, इथे दिवसभर ओरडते आहे, बसेल नाहीतर काय.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आधी सरळ क्रमाने लिहिते, म्हणजे माझं मला कळेल.

सकाळी अक्काच्या खुर्चीजवळ बसून पेपर चाळत होते. अक्षरं पुसट दिसत होती. गंमत म्हणून तिचा चष्मा लावला आणि सगळं लख्ख दिसलं. काढला तर पुन्हा पुसट. माझ्या डोळ्यांना आजवर काही झालेलं नाही. तेवढ्यात खालून हाक आली. मी ओ द्यायला तोंड उघडलं, आणि अक्काने आपला तळवा माझ्या तोंडावर दाबला. दात ओठात रुतले इतक्या जोराने. पण ओ गेलीच. तिच्या बोटांमधून गेली. मग ती मागे टेकली आणि रडायला लागली, आवाज न करता.

काकूंनी तिचे कपडे धुवायला काढले होते. म्हटलं मी बघते, माझं रोजचं काम आहे. अक्काचा एकच लोकरीचा गाऊन आहे, जुना, चांगल्या कापडाचा. कपडा हातात आला की माझा हात आपोआप शिवणीवर जातो. खालची पट्टी उलटून पाहिली. एकदा आत दुमडून आखूड केलेला. म्हाताऱ्या माणसाचं असंच होतं, ते आखडतं, गाऊन लोळायला लागतो. मग ती शिवण उसवून पार शेवटपर्यंत सोडलेला. वर पट्टी कमी पडली म्हणून दुसरं कापड जोडलेलं. आणि मग पुन्हा आखूड केलेला. तिन्ही वेळच्या सुईच्या खुणा कापडावर स्पष्ट दिसतात. काखेतसुद्धा तेच.

म्हातारं माणूस आखडतं. आखडल्यावर पुन्हा उंच होत नाही.

काकूंना सहज विचारलं तर म्हणाल्या, जुन्या बाजारातून घेतलाय ग. आणि गाऊन माझ्या हातातून काढून घेतला.

दुपारी काकू बेकरीत गेल्या, काका दाढी करायला. मी अक्कासमोर खाली बसले. काय करतेय माझं मलाच कळत नव्हतं. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हळू म्हटलं, ताई?

ती म्हणाली, ओ.

अक्काच्या आवाजात नाही. ताईच्या. बारीक, थोडं नाकातलं, सुट्टीत गच्चीवरून यायचं तसं. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी आहे ग ती! चारपाच वर्षांनी! आणि ही समोर बसली आहे ती नव्वदीची म्हातारी. मी पुन्हा म्हटलं, ताई. ती ओठ हलवत होती. एवढंच कळलं की ओ देऊ नकोस. आणि मग, ती तुझ्याकडे येतेय.

जिन्यावर काकांची पावलं वाजली. मी चष्मा पुसत असल्याचं सोंग केलं. ते दारात उभे राहिले, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि छान हसले.

उद्या काका बाहेर पडले की तिला घेऊन निघते. पाठीवर घालून न्यावी लागली तरी चालेल. वाटा गेला खड्ड्यात, दुकान गेलं खड्ड्यात.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

खुर्ची रिकामी आहे.

बिछाना घडी करून ठेवलेला, चादर बदललेली. काकूंना विचारलं ती कुठे आहे. त्या म्हणाल्या, कोण? मी म्हटलं, अक्का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहान मूल चुकीचं बोललं की पाहावं तसं. मग मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि पायांवर पांघरूण घातलं. मी बसले. का बसले? उठून त्यांचा हात झिडकारायला हवा होता. मी बसले आणि मला बरं वाटलं.

पांघरुणाच्या घडीत रुमाल होता. उंदीर केलेला, कान जरासे दबलेले. ताई गेली. मला ठाऊक आहे की ती गेली. कुठे नेली तिला, कोणी पुरली, जाळली, काय केलं, कोणाला विचारू? मी एक दिवस का थांबले?

खिडकीतून ऐकलं. खाली काकू बेकरीवालीला सांगत होत्या की पुतणी आज पहाटेच्या बसने गेली. वकिलांसाठी थांबलीच नाही, आजकालच्या मुलींना धीर कुठे असतो. बेकरीवाली म्हणाली, अरेरे, पाव न्यायलासुद्धा आली नाही. मग तिने वर पाहून हाक मारली.

मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. शपथ घेऊन सांगते, मी ओ दिली नाही.

ओ गेली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज निघालेच होते. सगळ्यात आधी हे लिहिते की मी प्रयत्न केला. धाकटीने कधी वाचलं तर तिला कळावं.

काका-काकू खालच्या मजल्यावर जेवत होते. त्यांच्या देखत जिना उतरले. कोणी अडवलं नाही. काका म्हणाले, जपून ग, पायरी निसरडी आहे. मला वाटलं होतं धरतील, कोंडतील. त्यांना कशाचीच घाई नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दार उघडून रस्त्यावर आले. स्टॉप समोरच्या कोपऱ्यावर आहे. येताना दोन ढांगांत आले होते. आज भिंतीला धरून चालावं लागलं, गुडघे वाकत नव्हते. पायांत माझेच बूट आहेत की नाही पाहिलं. नव्हते. अक्काच्या चपला होत्या, आणि कुठेच टोचत नव्हत्या. औषधाच्या दुकानाच्या काचेत एक म्हातारी माझ्याबरोबर चालत होती. मी थांबले की थांबायची.

बस आली. दार उघडलं. मी दांडीला हात घातला. आत बसलेल्या बाईने मला जागा देण्यासाठी पिशवी उचलली. एक पायरी, फक्त एक, आणि मागून औषधवाल्यांची हाक आली. अक्का, अहो कोटाशिवाय कुठे निघालात?

आणि मी, भल्या माणसाला उत्तर दिलं नाही तर बरं दिसणार नाही म्हणून मागे वळले आणि म्हटलं—

बस गेली. त्यांनी हाताला धरून मला घरी आणून सोडलं. काकांनी त्यांचे आभार मानले. वय झालं की असं होतं, म्हणाले दोघं.

खिडकी लावा.

हे वरचं मी लिहिलेलं नाही.

रविवार

फोन. अंगठा नाही घेत. दुसरा अंगठा नाही, एकही बोट नाही. आकडे टाका म्हणतो. आकडे म्हणजे धाकटीचा वाढदिवस, हे मला पक्कं आठवतंय. धाकटीचा वाढदिवस कधी असतो? तिला झोळीत मी झोपवलेली आहे. पहिले दात आले तेव्हा माझं बोट चावली होती. हे सगळं आहे. तारीखच नाही.

वहीच्या पहिल्या पानावर नाव घालायचं राहिलं होतं. आज घालावं म्हणून उघडलं. पेन टेकवून बसले. किती वेळ बसले. काकू दिवा लावून गेल्या.

नाव येत नाही.

बयो. बयो बयो बयो. एवढं आहे. हे धरून ठेवायचं. ताईला मी ताई म्हटलं तेव्हा ती परत आली होती, घडीभर का होईना. धाकटीने एकदा बयो म्हटलं की मी ओ देईन. माझी ओ. मग बघू ही बाई कुठे राहते ते.

उद्या साहेब येणार. त्यांचं यंत्र अंगठा घेतं, काका म्हणत होते. यंत्राला नक्कल कळत नाही. आवाज घेतलास, डोळे घेतलेस, गुडघे घेतलेस, पण अंगठा कसा घेशील ग म्हातारे? यंत्र नाही म्हणेल. मग विचारतील, ही बाई कोण? तेव्हा सांगेन. फोनचं काय, फोन रसायनांमुळे. फोन नक्की रसायनांमुळेच.

वही खुर्चीच्या गादीखाली ठेवते. खुर्चीतून मला कोणी उठवत नाही.

सोमवार

साहेब चांगला माणूस. बूट पुसून आत आला. त्याने नाव वाचलं, अक्काचं पूर्ण नाव. मी जीभ दातांत धरली, रक्त आलं. तरी ओ.

अंगठा ठेवला. मी मनात म्हणत होते नाही म्हण, नाही म्हण, बाबा रे, एकदा नाही म्हण

हिरवा दिवा लागला.

साहेब म्हणाला, अक्का, ठणठणीत आहात, शंभरी गाठणार. काकूंनी त्याला चहा दिला.

मग वकील. माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्याने बोलत होते, बहिऱ्याशी बोलावं तसं. म्हणाले की तुमची ती भाची विनाकारण धसका घेऊन आली होती. तिचं नाव ट्रस्टमध्ये पहिल्यापासून आहे. दोघी बहिणींची आहेत. तुमच्या वडिलांनी कधीच खोडली नव्हती. भेटली असती तर मी तेव्हाच कागद दिला असता, बँकेचं काम झालं असतं. आता तुमच्या पश्चात बघू. पण तुम्ही निवांत जगा, घाई कोणाला आहे?

आहे. नाव आहे! दुकान राहिलं असतं. धाकटे, ऐकलंस का, नाव आहे आपलं—

मी ओरडले. जीव खाऊन ओरडले की मीच ती. वकील काकांकडे वळून म्हणाले, काय म्हणताहेत? काका म्हणाले, खिडकी लावा म्हणताहेत.

त्यांनी उठून लावली.

वार ठाऊक नाही

काका फोनवर धाकटीशी बोलत होते. जिन्यात उभे राहून, मला ऐकू यावं असे. तुझी बहीण तर शुक्रवारीच निघाली ग. पोचली नाही? अरे देवा. तू ये, ये तू इकडे, इथून शोधू. आणि हो, तुझंही नाव आहे बरं ट्रस्टमध्ये. तेही काम होऊन जाईल. अक्काला फार आनंद होईल.

येऊ नकोस.

मोठ्याने म्हटलं. तोंडातून निघालं, ये.

हाताने लिहिते, हात अजून माझा आहे. धाकटे येऊ नकोस. आलीस तर वर बघून हाक मारू नकोस. मारलीस तर बयो म्हण. दुसरं काही नाही. ओ मात्र तू देऊ नकोस, कोणी काही म्हणो, नक्कल म्हणून नाही, गंमत म्हणून नाही. तुझ्या नकला माझ्याहून चांगल्या होतात. काकाही तसंच म्हणत होते, हे त्यांना कोणी सांगितलं? मी सांगितलं असेल का?

काकूंनी लोकरी मोजे काढून ठेवलेत. नवे.

पाव ओला होता आज. बेकरीवालीला बोलायला हवं. पोरी आळशी झाल्या आहेत

नाही नाही. बयो. बयो.

सकाळ

खाली आली. तिचा आवाज. बेकरीवालीला पत्ता विचारतेय. तिचे बूट वाजले, ती असंच टाच घासत चालते, किती वेळा सांगितलं. धाकटी. माझी धाकटी आली.

मी तयार आहे. श्वास धरून बसले आहे. तिने बयो म्हटलं की ओ देणार, पोटातून, अख्खी गल्ली हलेल अशी. रुमालाचा उंदीर करून ठेवलाय, तो तिच्या अंगावर टाकेन. म्हणजे तिला कळेल—

काका दारात तिच्याशी बोलताहेत. काकू तिचे हात हातात घेताहेत. वरती बोट दाखवलं. हाक मार म्हणाले, तिला आवडतं.

ती वर बघतेय. मी दिसतेय तिला. धाकटे, मी आहे, बघ नीट, नाकाकडे बघ, बाबांचं नाक आहे. म्हण. बयो म्हण. एकदा म्हण ग—

ती म्हणाली, अक्का!

ओ

ये पोरी. वर ये. किती वाळलीस. तुझ्या वाट्याचं सगळं आहे इथे, बस माझ्यापाशी, आणि हे बघ, मला आताशा बोलवत नाही फारसं, तेव्हा खालून कोणी हाक मारली तर माझ्या नावाने तूच जरा